लठ्ठाक्षरांचा कारभार

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचना कोणी वाचीत नाही, ही चिटणिसांची तक्रार संस्थेच्या नोंदणीइतकीच जुनी असून, ती दर वार्षिक सभेच्या इतिवृत्तात 'खेदाने नमूद करण्यात येते' या शब्दांनिशी शिरते आणि पुढील वार्षिक सभेपर्यंत तेथेच, कोणीही न वाचता, पडून राहते. वस्तुतः सूचना लिहिण्यात चिटणिसांची कधीच कुचराई नसते. ते सरकारी सेवेतून निवृत्त झालेले असल्याने टाकी धुण्याची साधी वार्ताही 'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व सभासदांस कळविण्यात येते की' या प्रस्तावनेवाचून त्यांच्या लेखणीतून उतरत नाही. आणि टाकी नेमकी कोणत्या वारी धुतली जाणार हे कळण्यासाठी वाचणाऱ्याला संदर्भ, विषय, उपविषय आणि एक पोटकलम ओलांडून जावे लागते. असा मजकूर 'मंगल' अक्षरांत टंकित होऊन, संस्थेच्या गोल शिक्क्यासह, काच तडकलेल्या फलकात लागत असे, आणि सभासद त्याच्याकडे पाठ करून लिफ्टची वाट पाहत असत.

'मंगल' ही अक्षरे र. कृ. जोशी या थोर अक्षररचनाकारांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडविली, आणि 'विंडोज २०००' पासून ती सरकारी दप्तरातील हुकमांपासून सत्यनारायणाच्या निमंत्रणापर्यंत सर्वत्र निमूटपणे राबत आलेली आहेत. सामान्य माणसाला त्यांचे नावही ठाऊक नसते, आणि रोज राबणाऱ्या टाइपाची हीच मोठी परीक्षा असते, असे जाणकार म्हणतात. चिटणिसांचे मत मात्र वेगळे होते. "ही अक्षरं फार सोशीक आहेत हो," ते मला म्हणाले. "थकबाकीदाराला तगादा लावायला ही पाठवायची म्हणजे शिपायाच्या जागी गोसावी पाठवण्यातला प्रकार."

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय त्यांच्या पुतण्याकडे जाते. हा मुलगा जाहिरातीच्या एका कचेरीत नोकरीला असून, सुटीच्या दिवशी काकांकडे जेवायला येतो व जेवण होईपर्यंत त्यांच्या संगणकात सुधारणा करतो. त्याने पडद्यावरची सूचना पाहिली, मान हलविली आणि म्हणाला, "काका, तुमची अक्षरं उपाशी आहेत."

"मग मी काय करू?"

"त्यांना मोदक खायला घाला."

एवढे बोलून त्याने एक कळ दाबली, आणि 'पाणीपुरवठा' हा शब्द काकांच्या डोळ्यांदेखत फुगला.

'मोदक' हे त्या टाइपाचेच नाव आहे, हे मला नंतर कळले. मुंबईत 'एक टाइप' या नावाने काही अक्षररचनाकार एकत्र येऊन काम करतात; त्यांच्यापैकी सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी तो रेखाटला आणि २०१५ च्या सुमारास तो खुल्या परवान्यावर सर्वांना मोफत उपलब्ध झाला. देवनागरीत आजवर जे काही लठ्ठ टाइप निघाले त्यांत सर्वांत गुबगुबीत कोणता असा प्रश्न निघाल्यास याच्या पुढे जाणारा दाखविणे कठीण जाईल. त्याच समूहाने 'बालू' नावाचा आणखी एक गोलमटोल टाइप काढलेला असून तो आपल्या देशातील अनेक लिप्यांत वावरतो. पण मोदकापुढे बालूसुद्धा पथ्यावर असल्याचे जाणवते.

कुतूहल म्हणून मी या टाइपातील 'ब' पडद्यावर मोठा करून पाहिला. साध्या टाइपात 'ब' म्हणजे एक उभा दंड, त्याला बिलगलेले एक पोकळ वर्तुळ आणि त्या वर्तुळातून गेलेली एक तिरकी रेघ. वर्तुळात हवा खेळते, रेघेला हातपाय पसरायला जागा असते. मोदकातील 'ब'ने ही सर्व हवा गिळून टाकली आहे. त्याच्या पोटात पोकळी अशी राहिलेलीच नाही. उरली आहे ती केवळ पांढऱ्याची बारीक फट, आणि हा 'ब' आहे, 'व' नव्हे, ही गोष्ट सिद्ध करण्याची सारी जबाबदारी त्या फटीवर येऊन पडलेली आहे. शेजारची अक्षरे एकमेकांना इतकी खेटलेली, की एसटीच्या तिघांच्या बाकावर चौथा देहधारी येऊन बसल्यावर कोणाचा खांदा कोणाचा हे जसे सांगता येत नाही, तसे कोणता काना कोणाचा हे क्षणभर उमगत नाही. एरवी अक्षर रेखाटणारा काळे काढतो आणि पांढरे आपोआप उरते. येथे काळ्याचा ढीग आधीच घातलेला असून रचनाकाराने पांढऱ्या रेघा तेवढ्या हिशेबाने वाचविल्या आहेत. विनोद वाटतो तितके हे काम सोपे नाही, आणि ज्याने ते केले त्याच्या हाताला दाद द्यावी असेच आहे.

योग्य जागी ही दाद मिळालीही. पहिला प्रयोग झाला तो संस्थेच्या गणेशोत्सवाच्या कापडी फलकावर. 'गणपती बाप्पा मोरया' ही अक्षरे हातभर उंचीची, शेंदरी रंगाची, पोट पुढे काढून प्रवेशद्वारावर बसली, तेव्हा येणारेजाणारे थांबून पाहू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना एरवी संस्थेचे काहीच पसंत पडत नाही, त्याही म्हणाल्या, "अक्षरांनासुद्धा नैवेद्य पोचलेला दिसतो." मंगलमूर्तीचे नाव मंगलात लिहिले असते तर ते वाचले गेले असते; मोदकात लिहिल्याने ते साजरे झाले. येथवर सर्व ठीक होते, आणि चिटणीस येथेच थांबते तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

परंतु मनुष्यस्वभाव असा, की एखादी वस्तू एका ठिकाणी शोभली म्हणजे ती सर्वत्र का शोभू नये हे त्याला समजेनासे होते. विसर्जन झाले, मंडप उतरला, आणि मोदक मुक्कामाला राहिला. प्रथम त्याने पाण्याच्या वेळापत्रकात प्रवेश केला. 'उद्या पाणी येणार नाही' हे वाक्य इतक्या आनंदाने फुललेल्या अक्षरांत लागले, की तळमजल्यावरील निवृत्त मामलेदारांनी ते वाचून चिटणिसांचे अभिनंदन केले, आणि उद्या काय समारंभ आहे याची चौकशी केली. त्यानंतर लिफ्टमध्ये 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी लागली. ती इतकी गोंडस होती, की मुले तिच्यासमोर उभी राहून छायाचित्रे काढून घेऊ लागली आणि जिन्याने चढून आलेल्या त्यांच्या आजोबांना त्या छायाचित्रांत मधोमध उभे राहावे लागले. मग वाहने लावण्याची शिस्त, मग मांजरांना खाऊ न घालण्याची विनंती, मग गच्चीवर पापड वाळत घालण्याबाबतचे निर्बंध. गच्चीच्या सूचनेखाली तर एका भगिनीने पेन्सिलीने लिहिले होते, 'ही अक्षरं आधी वाळत घाला.'

संस्थेत माझी ख्याती 'लिहिणारे' अशी आहे. याचा व्यवहारात अर्थ इतकाच, की लग्नपत्रिकांतील ऱ्हस्वदीर्घ तपासण्यास त्या माझ्याकडे येतात आणि मी दाखविलेल्या दुरुस्त्या मागील वर्षीच्या पत्रिकेत तशाच होत्या या सबबीवर फेटाळल्या जातात. तेव्हा मोदकाविषयी माझा अभिप्राय मागविण्यात आला. मी तो मोठ्या उमेदीने लिहिला. शोभेचा टाइप कोणता, वाचनाचा कोणता, दोहोंचे अधिकार व मर्यादा काय, पूर्वसूरींचे मत कोणते, या सर्वांचा ऊहापोह करणारे एक टिपण, तळटीपांसह, बारीक अक्षरांत, पानांच्या दोन्ही अंगांनी टंकित करून मी चिटणिसांच्या हवाली केले. चार दिवसांनी ते मला फलकाखाली सापडले. त्याच्या पाठीवर इस्त्रीवाल्याने कपड्यांचा हिशेब मांडला होता. तोही मोठ्या अक्षरांत.

खरा अनर्थ थकबाकीच्या पत्रकाने केला. पुतण्याने आरंभीच बजावून ठेवले होते, "काका, हा फॉन्ट मोठा ठेवायचा, बारीक करायचा नाही." परंतु थकबाकीदारांची नावे एका पानात बसेनात. काकांपुढे दोन मार्ग होते: टाइप बदलणे किंवा टाइप आकुंचित करणे. त्यांनी दुसरा पत्करला. मग त्या आकुंचित लठ्ठांची छायाप्रत काढली, आणि ती कोपऱ्यावरच्या ज्या यंत्रातून काढली त्याची शाई त्या दिवशी उदार झालेली होती. पांढऱ्याच्या ज्या फटी वाचविण्यासाठी रचनाकारांनी जीव पाखडला त्या एका क्षणात बुजल्या. 'भ'च्या डोक्याशी असलेली बारीक खाच भरून गेली आणि त्याचा 'म' झाला. परिणामी मूळ मसुद्यात 'खालील सभासदांनी महिनाअखेरपर्यंत न चुकता भरावे' असे जे सौम्य वाक्य होते, ते प्रत्येक दाराखालून आत सरकले तेव्हा 'खालील सभासदांनी महिनाअखेरपर्यंत न चुकता मरावे' असे झालेले होते. खाली नावे होती. नावांपुढे रकमा होत्या. आणि सर्वांत शेवटी, 'आपला नम्र'.

त्या सायंकाळी चिटणिसांच्या घरी जी गर्दी झाली तशी वार्षिक सभेला कधी झालेली नाही.

"अहो चिटणीस, साडेसातशे रुपयांसाठी?" एकाने विचारले.

"शब्द 'भरावे' असा आहे."

"आम्हाला 'म' कळत नाही काय? 'महिनाअखेर'मध्येही हाच आहे की!"

चिटणिसांनी भिंग आणविले. भिंगातून ती दोन अक्षरे जुळ्या भावांइतकी एकरूप दिसली. मामलेदारांनी कायद्याच्या दृष्टीने मत दिले, की लेखी धमकी व मुदत या दोन्ही गोष्टी पत्रकात असल्याने प्रकरण गंभीर असले तरी 'नम्र' या शब्दामुळे शिक्षा सौम्य होईल. गंमत अशी, की पुढील दोन दिवसांत निम्म्याहून अधिक थकबाकी जमा झाली, आणि त्यामुळे चिटणिसांची मोदकावरील श्रद्धा डळमळण्याऐवजी दृढ झाली. घनकचऱ्याच्या पत्रकात 'घ'चा 'ध' होऊन 'आपला धनकचरा रोज सकाळी दाराबाहेर ठेवावा' असा आदेश निघाला, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. शेजारच्या इमारतीतून मात्र आमच्याकडे भाड्याने जागा मिळेल काय, अशी विचारणा आली.

आमच्या मागच्या इमारतीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचा जन्म छापखान्यात खिळे जुळविण्यात गेला. त्यांना मी ते पत्रक दाखविले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले, मग लांब धरले, आणि म्हणाले, "हा टाइप वाईट नाही. याला एवढंसं केलं कोणी? पैलवानाला पाळण्यात निजवायचं नसतं."

मग ते त्यांच्या काळाविषयी बोलू लागले. शिशाचे खिळे वजनाने विकत घ्यावे लागत, आणि मोठ्या शोभेच्या टाइपाची रास लहान छापखान्याला परवडत नसे; त्यामुळे मोठ्या अक्षरांच्या खणात 'क' चार असले तर 'भ' दोनच असत. गिऱ्हाईक येऊन म्हणे, सगळा मजकूर मोठ्या टाइपात हवा. जुळारी म्हणे, मालक, तुमच्या मजकुरात 'भ' सात आहेत, पाच तुम्ही घरून आणा. गिऱ्हाईक गप्प बसे, 'शुभविवाह' एवढे शीर्षक तेवढे थोर अक्षरांत येई आणि बाकी मजकूर आपोआप सभ्य होई. महाराष्ट्राच्या छपाईतील सदभिरुचीचा मोठा वाटा खिळ्यांच्या टंचाईने सांभाळलेला आहे, असे मला त्या दिवशी प्रथमच वाटले. ज्या जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत निर्णयसागर उभारला आणि ज्या राणोजी रावजी आरूंनी त्यांच्यासाठी पोलादावर अक्षरे कोरली, त्यांना एकेका खिळ्याचे मोल ठाऊक होते. आज 'भ' फुकट आहेत, अगणित आहेत, आणि हातभर लठ्ठ करावयाचे म्हटले तरी एक छदामही अधिक पडत नाही. मग कोण कशाला आवरेल?

बारीक अक्षरांचे शास्त्र अगदी उलट असते, हेही त्या टिपणात मी लिहिले होते, जे इस्त्रीवाल्याने उपयोगात आणले. अमेरिकेत टेलिफोनच्या जाडजूड यादीसाठी मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ साली 'बेल सेंटेनियल' नावाचा टाइप घडविला. त्या यादीत अक्षरे मुंगीएवढी, कागद भिकार आणि शाई पसरणारी, म्हणून त्यांनी अक्षरांच्या सांध्यांत मुद्दाम खाचा कोरून ठेवल्या. शाई पसरली म्हणजे ती खाचांत मुरावी आणि अक्षर जसेच्या तसे दिसावे, ही योजना. मोठे करून पाहिले तर ते अक्षर उंदराने कुरतडलेले दिसते. बारीक छापले की निर्मळ. मोदक हा त्याचा बरोबर व्यत्यास. एकाने भिंतीवर चढू नये, दुसऱ्याने यादीत उतरू नये. एवढी साधी वाटणी आहे. परंतु वाटणी साधी असली म्हणजे ती मान्य होते असे आपल्याकडच्या कोणत्याही भाऊबंदकीत आढळलेले नाही.

हा केवळ आमच्याच मुलखाचा दोष आहे असे समजून कोणी खिन्न होऊ नये. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉटरीच्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला, तेव्हा रॉबर्ट थॉर्न प्रभृती ओतकाऱ्यांनी भिंतीवरून ओरडू शकतील असे लठ्ठ टाइप बाजारात आणले. पुढे त्यांचा इतका कहर झाला, की हॅन्सार्ड नावाच्या मुद्रकाने १८२५ साली छपाईवर जो ग्रंथ लिहिला त्यात या स्थूल अक्षरांची यथेच्छ हजेरी घेतली. ग्रंथ आता ग्रंथालयांत आहे आणि लठ्ठ टाइप रस्त्यावर आहेत. यावरून कोणाचे चालले ते दिसते. आणखी अलीकडचे सांगावयाचे तर व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ मध्ये 'कॉमिक सॅन्स' रेखाटला, तो संगणकावरील एका चित्रातल्या कुत्र्याच्या तोंडी गंभीर छापील अक्षरे शोभेनात म्हणून. कुत्र्याचा कार्यक्रम निघाला तेव्हा अक्षरे वेळेत पुरी झाली नव्हती. ती मागाहून आली आणि कुत्रा सोडून इतर सर्वांनी घेतली. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज कणाचा शोध जगापुढे मांडला गेला, तेव्हा फाबिओला जानोत्ती या विदुषींनी पडद्यावर दाखविलेली पाने याच कॉमिक सॅन्समध्ये होती. विश्वाच्या वस्तुमानाचा उलगडा चालू असता निम्मे जग अक्षरांवर वाद घालीत होते. आमच्या चिटणिसांना मी ही हकीकत सांगितली, ती त्यांना आवर घालावा या हेतूने. त्यांनी ती आवर न घालण्याच्या समर्थनार्थ इतिवृत्तात नोंदवून घेतली.

मराठी माणसाला अक्षराचा साज कळत नाही असे म्हणणे तर निव्वळ कृतघ्नपणाचे होईल. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून जी नावे रेखाटली ती पाहूनच कित्येकांनी तिकिटे काढली. नाटकाचा स्वभाव त्या नावाच्या वळणात आधीच उतरलेला असे. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला 'यात्रा वन' नावाचा टाइपही आता निघालेला आहे, म्हणजे रोज लोंबकळत जाणाऱ्यांच्या नजरेसमोरची अक्षरेही कोणाला जपून ठेवावीशी वाटली. पण शेडगे प्रत्येक नाटकासाठी नवे अक्षर काढीत. आम्ही एक अक्षर धरतो आणि त्यात सर्व नाटके लिहितो.

संस्थेच्या वकिलांनी मात्र त्यातले एक नाटक मोदकात लिहू दिले नाही. बांधकाम व्यावसायिकाने गळती दुरुस्त करून न दिल्याबद्दल जी कायदेशीर नोटीस पाठवावयाची होती, तिचा मसुदा चिटणिसांनी मोदकात टंकित करून नेला. वकिलांनी चष्मा काढला आणि विचारले, "ही नोटीस आहे की बारशाचं आमंत्रण?"

"नोटीस आहे. कलमं वाचा ना."

"कलमं वाचली. पक्षकार प्रत्येक कलमाअखेर हसतोय असा भास होतो. न्यायालयात गळती सिद्ध करता येईल, पण तुम्हाला तिचा त्रास होतो हे सिद्ध करता येणार नाही."

मसुदा परत आला. परंतु त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक सत्शील, मितभाषी व अत्यंत कृश गृहस्थ वार्धक्याने वारले, आणि घाईघाईत, संगणकात जे अक्षर आधीच निवडलेले होते त्याच अक्षरात, 'भावपूर्ण श्रद्धांजली' फलकावर लागली. 'भा' गुबगुबीत, 'पू' त्याहून गुबगुबीत, 'द्धां' हे जोडाक्षर तर आनंदातिशयाने गच्च भरलेले. भोवती गणेशोत्सवातून उरलेली झेंडूची चौकट. लोक येत, मान खाली घालीत, वर पाहत आणि पुन्हा मान खाली घालीत. दुसऱ्यांदा मान खाली घालण्याचे कारण शोक नव्हते. पुतण्या धावत आला, पण फलकाची किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष नाशिकला. काचेआडची ती प्रसन्न श्रद्धांजली तेरा दिवस लागून राहिली.

शोकसभेत चिटणीस दिवंगतांच्या पत्नीपाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले. "वहिनी, त्या अक्षरांबद्दल..."

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांना जन्मभर काही अंगी लागलं नाही. निदान नावाच्या वर तरी चार मणांचा मजकूर आला."

सभेत त्यानंतर जे दोन मिनिटांचे मौन पाळावयाचे होते ते कोणालाच पाळता आले नाही, आणि सर्वांत आधी ते त्यांनीच मोडले.

एवढे झाल्यावर विशेष सर्वसाधारण सभा बोलाविण्यात आली. सभेची सूचना मंगलात लागल्याने कोरम भरला नाही. ती अर्ध्या तासासाठी तहकूब होऊन, पुतण्याने 'सभा' हा एकच शब्द मोदकात, वीतभर उंचीचा, छापून दाराशी टांगल्यावर भरली. चर्चा गरमागरम झाली. तरुण सभासदांचे म्हणणे, की मोदक काढला तर फलकाकडे पुन्हा कोणी पाहणार नाही. मामलेदारांचे म्हणणे, की पाहणे आणि वाचणे ही दोन स्वतंत्र खाती असून त्यांचा जमाखर्च वेगळा ठेवावा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सुचविले, की मोदक चतुर्थीला करतात, रोज केले तर सारण खारट होते. यावर कोणालाच उत्तर सुचले नाही. अखेर ठराव झाला तो असा: मोदक टाइप सण, स्पर्धा व बालगोपाळांचे कार्यक्रम यांच्या फलकांवर, वीतभर उंचीपेक्षा कमी नाही अशा मापाने वापरावा, थकबाकी, कचरा, न्यायालय व मृत्यू या विषयांत त्यास प्रवेश नसावा, आणि कोणताही शोभेचा टाइप छायाप्रतीच्या यंत्रात घालण्यापूर्वी चिटणिसांनी तो हातभर अंतरावरून एखाद्या त्रयस्थाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. त्रयस्थ म्हणून माझी नेमणूक झाली आहे. मानधन नाही.

ज्या वाचकांच्या संस्थांत, मंडळांत अथवा कुटुंबांत असाच एखादा टाइप मुक्कामाला आलेला असेल त्यांनी हा ठराव बेलाशक आपल्या दप्तरी लावून घ्यावा. त्याची प्रमाणित नक्कल मी विनामूल्य पाठवीन. मागणीच्या पाकिटावर आपला पत्ता मात्र साध्या, सडपातळ, पोटात हवा असलेल्या अक्षरांत लिहावा, कारण आमच्या भागातील पोस्टमनची दृष्टी अलीकडे अधू झाली आहे आणि 'भ'ची पत्रे 'म'कडे टाकण्याचा शिरस्ता त्याने स्वतंत्रपणे सुरू केलेला आहे.